घर काठमांडूत आणि शेत सांगली जिल्ह्यात असेल तर वडिलांचं एकच मृत्युपत्र पुरतं का?

नाही पुरत. पण तुमच्या प्रश्नात मला खटकलं ते वेगळंच. तुम्ही जाता जाता लिहिलंय, ‘घर वडिलांच्या ओळखीच्या नेपाळी माणसाच्या नावावर आहे, त्याची काळजी नाही.’ काळजी त्याचीच करा. मृत्युपत्राचं नंतर बघू.

आम्ही खानापूर तालुक्यातले गलाईवाले. आप्पा विशीत काठमांडूला गेले, सराफांचं सोनं गाळायला. पुढं स्वतःची भट्टी झाली आणि घर घ्यायचं मनात आलं. सरकारच्या परवानगीशिवाय परदेशी माणसाच्या नावावर तिथं जमीन होत नाही. १९५० च्या भारत-नेपाळ करारात एकमेकांच्या नागरिकांना मालमत्तेच्या बाबतीत सारख्या सवलती द्यायचं कलम आहे, आप्पा ते येईल त्याला ऐकवायचे. मालपोत कार्यालयात, म्हणजे तिथल्या जमिनीच्या नोंदी करणाऱ्या कचेरीत, त्या कलमावर त्यांचं काम झालं नाही. शेवटी तीन आणे जागा, म्हणजे हजारेक चौरस फूट, शेजारच्या दुकानदार मित्राच्या नावावर घेतली. पैसा सगळा आमचा.

लालपुर्जा, म्हणजे तिथला जमिनीच्या मालकीचा दाखला, आमच्याच पेटीत असायचा, जुन्या मुशींच्या खाली. आप्पा तो काढून वाचायचे. अक्षर देवनागरीच, त्यामुळं सगळं समजल्यासारखं वाटायचं. पण ‘जग्गाधनी’ म्हणजे जमीनमालक, त्यापुढं नाव मित्राचं आणि फोटोही मित्राचाच. कॉलेजात असताना मी त्या नावावर बोट ठेवून दाखवलं. आप्पा म्हणाले, “कागदापरीस माणूस बघावा.” दादानं मला सगळ्यांसमोर उद्धट ठरवलं.

मित्र वारला. आप्पा तेराव्याला जाऊन आले. वर्षभरात त्याच्या मुलांनी नामसारी करून घर स्वतःच्या नावावर केलं. मूळ पुर्जा आमच्या पेटीत होता, त्यांनी प्रतिलिपी काढली. मग एक दिवस आप्पांना बोलावून चहा दिला, मानानं बसवलं आणि दशैंपर्यंत, म्हणजे त्यांच्या दसऱ्यापर्यंत, घर मोकळं करायला सांगितलं. आप्पा २०७६ साली, तिथल्या विक्रम संवताप्रमाणं, म्हणजे इंग्रजी २०१९-२० मध्ये, भाड्याच्या खोलीत गेले.

आता तुमचं. जमीन ज्या देशात, कायदा त्या देशाचा. शेताचं मृत्युपत्र इकडं करा, साक्षीदार वडिलांपेक्षा वयानं लहान घ्या. नेपाळात जे खरोखर वडिलांच्या नावावर असेल त्याचा कागद तिथल्या वकिलाकडून करून घ्या, ‘शेषपछिको बकसपत्र’ म्हणजे मरणानंतर लागू होणारं बक्षीसपत्र, त्याबद्दल त्याला विचारा. दोन्हींत ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे ठरलेलं वाक्य डोळे झाकून घालू देऊ नका, नंतरचा कागद आधीच्याला मारून टाकेल. भावंडांत कुणी नेपाळी नागरिकता घेतली असेल तर इकडची जमीन वारशानं घ्यायला त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. आणि तिकडं कुणी वारलं तर वडा (प्रभाग) कार्यालयातून मृत्यूचा दाखला घेतानाच इंग्रजी तारीख घालून मागा. आम्ही मागितली नाही. संवत वाचून तलाठ्यानं वारस नोंद अडवली, मग भाषांतर आणि दूतावासाच्या शिक्क्यापायी सात महिने गेले.

मी वकील नाही, नियमही बदलतात, तेव्हा दोन्हीकडं विचारून घ्या. पण वडील धडधाकट आहेत तोवर त्या नेपाळी गृहस्थासमोर बसा आणि घर विकून टाका, तोटा झाला तरी चालेल. वडील विश्वासाचं बोलतील. तेव्हा एवढंच विचारा: घर त्याचं नाही, आपलं आहे, हे त्या माणसानं स्वतःच्या मुलांना सांगितलंय का?

दादा अजून म्हणतो, ती पोरं बेइमान निघाली. मी नाही म्हणणार. बापानं त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. इतकी वर्षं ती आम्हाला भाडेकरू समजत होती.