आरोग्य केंद्रातले कर्मचारी आणि स्वयंसेवक यांच्या ऑनलाइन प्रशिक्षणासाठी कोणता प्लॅटफॉर्म घ्यावा?

प्रश्नकर्त्याने दोन गोष्टी विचारल्या आहेत. लहान सामुदायिक आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना आणि स्वयंसेवकांना ऑनलाइन शिकवायचं तर प्लॅटफॉर्म कोणता घ्यावा, आणि कोर्स संपवणाऱ्याला लगेच प्रमाणपत्र द्यावं का. पहिल्याचं उत्तर लवकर संपतं. दुसऱ्यावर मला बरंच बोलायचं आहे, कारण "आमच्याकडे सगळ्यांनी कोर्स पूर्ण केला" हे अभिमानाने सांगणाऱ्यांशी माझा वाद जुना आहे.

प्लॅटफॉर्म मूडल घ्या, म्हणजे ऑनलाइन कोर्स चालवायचं मुक्त सॉफ्टवेअर. परवान्याचे पैसे लागत नाहीत आणि त्याच्या मोबाइल ॲपमध्ये धडे आधी डाउनलोड करून नेटवर्क नसताना बघता येतात. चाचणीही ऑफलाइन सोडवता येते, पण ती परवानगी प्रत्येक चाचणीच्या सेटिंगमध्ये वेगळी द्यावी लागते आणि ती द्यायची राहून जाते. तयार कोर्स विकत घेणार असाल तर तो बहुधा स्कॉर्म पॅकेज म्हणून येईल, म्हणजे कोणत्याही प्लॅटफॉर्मवर चालावा म्हणून ठरलेल्या साच्यात बांधलेला कोर्स. आवृत्ती कोणती ते विचारा. स्कॉर्म १.२ मध्ये शिकणारा कुठवर आलाय ही नोंद ठेवायला फक्त ४०९६ अक्षरांची जागा असते. कोर्स लांबलचक असला, त्यात प्रश्न आणि उत्तरानुसार फुटणाऱ्या वाटा भरपूर असल्या की ती जागा भरते, नोंद अर्धवट राहते आणि दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा मागच्याच पानावर येऊन पडतो. मग वरचे म्हणतात, कर्मचारी कंटाळा करतात. एका मोठ्या पॅकेजऐवजी आठ-दहा लहान पॅकेज केली की ही अडचण उरत नाही.

व्हिडिओ पाच-सहा मिनिटांचेच ठेवा. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोकांचं बघणं मध्यकाने, म्हणजे अगदी मधल्या प्रेक्षकाचं धरलं तर, ६ मिनिटांच्या पुढे जात नव्हतं. डेटाचा हिशेबही आधी करा. ५०० केबीपीएसचा व्हिडिओ मिनिटाला पावणेचार एमबी खातो. नुसता आवाज ३२ केबीपीएसने दिला तर दहा मिनिटांना अडीच एमबीसुद्धा लागत नाहीत. माहिती सांगायची असेल तर आवाज पुरतो. हाताची हालचाल दाखवायची असेल तिथेच व्हिडिओ खर्च करा. आणि एकच फोन दोघं-तिघं वापरत असतील तर प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, काम झालं की लॉगआउट. नाहीतर एकीचे गुण दुसरीच्या नावावर चढतात आणि सहा महिन्यांनी कोण काय शिकलं याचा काही पत्ता लागत नाही.

प्लॅटफॉर्मचं इतकंच. आता मुद्द्याचं.

बीपी मोजणं हे उदाहरण घेतो, कारण ते जवळजवळ प्रत्येक केंद्रात, रोज, सगळेच करतात, आणि ते शिकवायला काय लागतं असं सगळ्यांनाच वाटतं. मशीन आहे, पट्टा गुंडाळायचा, बटण दाबायचं. या एका कामाच्या कोर्सचा व्हिडिओ शंभर टक्के बघितलेला माणूस प्रत्यक्षात कुठे कुठे चुकतो ते बघा.

रुग्ण चालत येतो आणि थेट खुर्चीवर बसवून पट्टा लावला जातो. पाच मिनिटं शांत बसवायला हवं हे चाचणीत सगळ्यांनी बरोबर लिहिलेलं असतं. पण बाहेर रांग असते, आणि रांगेचं काय करायचं हे कोर्सने शिकवलेलंच नसतं. यावर उपाय केंद्राच्या मांडणीत आहे, कोर्समध्ये नाही : टेबलाशेजारी दोन खुर्च्या ठेवायच्या, एकाचं मोजताना पुढचा शेजारी बसून असतो, त्याची पाच मिनिटं तिथेच भरतात. पाठ टेकलेली, दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. लघवीला जाऊन आलात का, हे आधी विचारायचं. अर्ध्या तासात चहा-कॉफी, सिगारेट किंवा धावपळ झालेली नसावी.

पुढे हात. तो टेबलावर, दंड हृदयाच्या उंचीला टेकलेला हवा. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सरासरीने सुमारे ४ ने (बीपीचे इथले सगळे आकडे मिलीमीटर पाऱ्यात), आणि बाजूला लोंबत सोडला तर सुमारे साडेसहाने जास्त आला. टेबल बुटकं असेल तर हाताखाली घडी केलेली चादर लागते, आणि ती चादर टेबलावर आहे का हे कोणत्याही प्लॅटफॉर्मला दिसत नाही.

मग पट्टा. सर्वांत मोठी चूक इथेच होते. पट्ट्याच्या आतली फुगणारी पिशवी दंडाच्या घेराच्या साधारण ८० टक्के लांब आणि ४० टक्के रुंद असावी लागते. बहुतेक ठिकाणी एकच मापाचा पट्टा असतो आणि तोच सगळ्यांना लावतात. लहान पट्टा आकडा वाढवतो, मोठा पट्टा कमी करतो. २०२३ च्या एका अभ्यासात ज्यांना सर्वांत मोठ्या मापाचा पट्टा लागायला हवा होता त्यांना नेहमीचा लावला, तर वरचा आकडा सरासरी १९.५ ने जास्त दिसला. म्हणजे १२५ असलेला माणूस १४० ओलांडतो आणि कारण नसताना गोळ्यांच्या वाटेला लागू शकतो. पट्ट्यावर घेराची खूण छापलेली असते. गुंडाळल्यावर टोक त्या खुणांच्या मध्ये आलं नाही तर पट्टा बदलायचा. बदलायला दुसरा नसेल तर प्रशिक्षणाच्या पैशातून आधी दोन मापांचे पट्टे आणि एक मोजपट्टी घ्या, कोर्स नंतर. शर्टावरून पट्टा लावायचा नाही, आणि घट्ट बाही वर सारून दंड आवळायचाही नाही. हात बाहीतून काढायला सांगायचं. पट्ट्याची खालची कड कोपराच्या वळीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर.

मोजताना बोलायचं नाही, मोजणाऱ्यानेही आणि रुग्णानेही. हे ऐकायला सोपं वाटतं, पण नेमक्या त्याच वेळी नाव, वय आणि जुन्या गोळ्या विचारून रजिस्टर भरायची सवय सगळीकडे दिसते. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, दोन्ही आकडे लिहायचे. पहिला आकडा बहुधा जास्त असतो.

स्टेथोस्कोप आणि काट्याचं मशीन वापरत असाल तर आणखी काम आहे. आधी मनगटाची नाडी धरून पट्टा फुगवायचा, नाडी लागेनाशी झाली की त्याच्या वर आणखी ३०. हे टाळलं तर काही लोकांमध्ये मध्येच आवाज थांबून पुन्हा सुरू होतो त्या टप्प्यात तुम्ही फसता, आणि १८० चा माणूस १४० म्हणून घरी जातो. हवा सेकंदाला दोनच्या बेताने सोडायची. भराभर सोडली की पहिला आवाज हुकतो, वरचा आकडा कमी लागतो आणि खालचा जास्त. पट्टा रिकामा असताना काटा शून्यावर नसेल तर ते मशीन दुरुस्तीला.

आता सांगा, यातलं बघून किती शिकता येईल आणि किती हातानेच? माहिती ऑनलाइन द्या, जरूर द्या. पण त्यानंतर शेजारी कुणीतरी उभं राहून बघायला हवं. शिकवण्याची चार टप्प्यांची पद्धत जुनी आणि उत्तम आहे : एकदा न बोलता नेहमीच्या वेगाने करून दाखवा, मग प्रत्येक पायरी सांगत करा, मग शिकणारा पायऱ्या सांगेल आणि तुम्ही फक्त तो सांगेल तेवढंच कराल, शेवटी तो स्वतः सांगत करेल. तिसरा टप्पा लोक वेळ वाचवायला गाळतात, आणि नेमकं तिथेच कळतं की त्याच्या डोक्यात काय नाही. पहिले दोन टप्पे व्हिडिओवर टाका, शेवटचे दोन केंद्रात घ्या. मला विचाराल तर ऑनलाइन शिक्षणाची योग्य जागा तीच आहे.

तपासायला दहा-बारा ओळींची यादी पुरते, पण त्यातल्या तीन-चार निर्णायक ठरवा : पट्ट्याचं माप, हाताची उंची, पाच मिनिटं, दुसरं मोजमाप. यातली एक चुकली तर बाकी सगळं बरोबर असूनही नापास. एकूण टक्क्यांवर पास केलं की लोक सोप्या ओळींवर गुण मिळवतात आणि चुकीचा पट्टा तसाच राहतो. काट्याच्या मशीनसाठी दोघांना एकाच वेळी ऐकता येईल असा दोन कानजोड्यांचा स्टेथोस्कोप मिळतो. दोघांनी आपापला आकडा कागदावर लिहायचा, मगच एकमेकांना दाखवायचा. ५ पेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा.

आणि प्रशिक्षण टिकलं का हे बघायचं असेल तर प्लॅटफॉर्मवरचा प्रगतीचा डॅशबोर्ड बंद करा आणि बीपीचं रजिस्टर उघडा. काट्याच्या मशीनवर खुणा दोन-दोनच्या असतात, म्हणजे शेवटचा अंक ०, २, ४, ६, ८ यांपैकी कोणताही. शून्याचा वाटा साधारण पाचवा हिस्सा असायला हवा. शंभर नोंदी मोजा. त्यातल्या साठ-सत्तर शून्याने संपत असतील तर लोक अंदाजाने आकडे लिहीत आहेत. डिजिटल मशीनवर तर शून्य दहात एकदाच अपेक्षित आहे. या मोजणीला अर्धा तास लागतो आणि पूर्णत्वाच्या टक्केवारीपेक्षा ती कितीतरी खरं सांगते. "पण सगळ्यांनी चाचणीत ९० च्या वर गुण मिळवले" असं म्हणणाऱ्यांना मी हाच कागद दाखवायला सांगतो.

चाचणीबद्दलही एक. धडा संपल्या संपल्या घेतलेली चाचणी फसवी असते. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात, मजकूर पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र ज्यांनी मधल्या वेळात स्वतःला आठवायला लावलं होतं ते पुढे गेले. म्हणून तीन प्रश्न दुसऱ्या दिवशी, आणखी तीन एका आठवड्याने आणि आणखी तीन एका महिन्याने पाठवा. आणि प्रश्न "किती मिनिटं बसवावं" असा नको. चार चुका असलेला फोटो द्या आणि चुका शोधायला सांगा.

स्वयंसेवकांना एवढं कशाला, ते फुकट काम करतात, त्यांच्यावर ओझं नको, असं नेहमी म्हटलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. रुग्णाच्या दंडाला पट्टा कुणी लावला याने आकड्यात फरक पडत नाही. ओझं कमी करायचं तर कामं कमी द्या : स्वयंसेवकाला पाच अर्धवट कामांऐवजी दोन पूर्ण येऊ द्या. दर्जा मात्र एकच.

ऑनलाइनच्या बाजूने बोलायचं तर सर्वांत भक्कम उदाहरण कोर्सचं नाही, चर्चेचं आहे. डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठातून प्रोजेक्ट एको सुरू केला. हेपटायटिस सीचे रुग्ण दूरच्या केंद्रांतले कर्मचारी स्वतः सांभाळत आणि ठरलेल्या वेळी व्हिडिओवर आपापल्या केसेस तज्ज्ञांपुढे मांडत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या केंद्रांतले ५८.२ टक्के रुग्ण बरे झाले होते आणि विद्यापीठाच्या दवाखान्यातले ५७.५ टक्के. तुमच्याकडे नेटवर्क बरं असेल तर दहा तासांच्या कोर्सऐवजी पंधरवड्याला एक तास अशी बैठक घ्या, प्रत्येक वेळी दोन खऱ्या केसेस. रुग्णाचं नाव, चेहरा, फोन नंबर स्क्रीनवर येता कामा नये, आणि रिपोर्टचे फोटो ग्रुपवर टाकण्याची सवय पहिल्याच बैठकीत मोडा.

काही गोष्टी मी वर सोडून दिल्या. रजिस्टर भरणं, गोपनीयतेचे नियम, बदललेली मार्गदर्शक तत्त्वं हे पूर्णपणे ऑनलाइन शिकवता येतं, तिथे शेजारी कुणी उभं राहायची गरज नाही. दूरच्या केंद्रात तपासायला माणूसच नसेल तर थेट व्हिडिओ कॉलवर तपासा, पण कॅमेरा समोरून नको, बाजूने, असा की दंड, टेबल आणि पावलं एकाच चौकटीत दिसतील. नाडी अनियमित असणाऱ्या काही रुग्णांमध्ये स्वयंचलित मशीनवर विसंबता येत नाही. तिथे नाडी हाताने बघून वरच्यांना कळवायचं. आणि कोणतं काम स्वयंसेवकाने कायद्याने करायचं नाही, हे तुमच्या इथल्या नियमांवर ठरेल. कोर्स बनवण्याआधी ते लेखी घ्या.

प्रमाणपत्राचं उत्तर : द्या, पण कोर्स संपल्यावर नाही, प्रत्यक्ष तपासणीत पास झाल्यावर. त्यावर कामाचं नाव, तपासणाऱ्याची सही आणि पुन्हा तपासणीची तारीख छापा. छाती दाबून जीव वाचवण्याचं कौशल्य, म्हणजे ५ ते ६ सेंटिमीटर खोल आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा, तीन ते सहा महिन्यांतच घसरू लागतं. त्याची तारीख वर्षभर लांब ठेवू नका. बीपीला मी सहा महिने ठेवीन, आणि रजिस्टरमध्ये शून्यं वाढलेली दिसली तर त्याआधीच बोलवीन.