धुळे-जळगावकडे राहून जुन्या एस्टीमची स्वस्तात रेसकार करता येईल का? इंजिनचं काय काम करावं?

इंजिनला हात लावू नका. पुढचं काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं पाळा.

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. पन्नास-साठ हजारांत जुनी सेडान घेऊन ऑटोक्रॉसला (मैदानावर कोन मांडून घड्याळ लावून गाडी पळवायची शर्यत) उतरता येईल का, इंजिनचं काय काम करावं, आणि शेवटी सहज जोडून दिलंय की "आपल्या खान्देशात असलं काम करणारं कोण आहे, पुण्यालाच जावं लागेल ना?" पहिल्या दोन प्रश्नांसाठी मी एवढं टाइप करत बसलो नसतो. तिसऱ्यासाठी बसलोय. हे वाक्य मी माझ्या आतेभावाच्या तोंडून घरातल्या प्रत्येक लग्नात ऐकलंय. तो पुण्याला असतो. "तुमच्याकडे ट्रॉल्या बनतात रे, रेसकार नाही," असं तो भर पंगतीत म्हणतो, आणि वाढपीसुद्धा हसतात.

गाडीचं आधी उरकतो. एस्टीमच घ्या. 1990 साली हीच गाडी मारुती 1000 म्हणून आली तेव्हा 970 सीसीच्या इंजिनला ती ओढवत नव्हती. 1994 ला 1.3 लिटरचं इंजिन बसलं आणि एस्टीम झाली. नंतरच्या सोळा व्हॉल्व्हच्या एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाल्या) मॉडेलला 85 बीएचपी आहे, वजन नऊशे किलोच्या आत. घ्यायची तर तीच. 2007 ला बंद झाली म्हणून घाबरू नका. त्याच घराण्यातलं इंजिन जिप्सीत होतं, सुरुवातीच्या पेट्रोल स्विफ्टमध्ये होतं, त्यामुळे पार्ट मिळतात. चेन्नईजवळच्या श्रीपेरंबुदूरच्या ट्रॅकवर एकेकाळी याच गाड्या टूरिंग कारच्या शर्यतींत पळायच्या, म्हणजे मी काही नवीन शोध लावत नाहीये. होंडा सिटी व्हीटेक 106 बीएचपीची आहे, जास्त पळते यात वाद नाही. पण तिच्या मालकांना आपल्याकडे सोनं आहे असं वाटतं आणि भावही ते तसाच सांगतात. ॲक्सेंट मी कधी उघडली नाही, तिच्याबद्दल बोलत नाही.

आपल्याकडे एस्टीम स्वस्त मिळण्याचं कारण सांगतो. एप्रिल 2022 ला पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीची नोंदणी पुढे चालू ठेवायची फी 600 वरून थेट 5000 झाली, वर पर्यावरण कर आणि पासिंगची कटकट. त्यामुळे एमएच-18, एमएच-19 च्या कितीतरी एस्टीम खळ्यात, गोठ्याशेजारी उभ्या आहेत. मालक नवीन गाडीत फिरतो, हिच्या बॉनेटवर मिरच्या वाळतात. आणि आपली हवा कोरडी. मुंबईची एस्टीम कार्पेट उचलून बघा, खालचा पत्रा चाळणी झालेला असतो. इथली बहुतेक वेळा शाबूत निघते. तरी घेताना पुढच्या शॉकअपचे टॉवर, दाराखालची पट्टी आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघाच. रंग कसाही असू दे. एसी चालू आहे म्हणून कोणी पाच हजार जास्त मागितले तर देऊ नका, तो तुम्ही पहिल्याच दिवशी काढणार आहात.

आतलं सगळं काढायचं. मागची सीट, कार्पेट, दारांचे पॅड, छताचं कापड. खाली आवाज दाबायला डांबराचे थर चिकटवलेले असतात, तेही. हे काम मे महिन्यात करू नका. भुसावळ-जळगावच्या 45 अंशात ते डांबर लोण्यासारखं पसरतं आणि हाताचं निघत नाही. धुळ्याच्या डिसेंबरातली पहाट गाठा. गारठ्यात ते कडक होतं, छिन्नी लावून हलकेच ठोकलं की खपल्या निघतात. परदेशात लोक यासाठी ड्राय आइस विकत आणून टाकतात. आपल्याला निसर्ग फुकट देतो.

आता आतेभाऊ. त्याची सिटी. त्याने सगळा पैसा बॉनेटखाली घातला. फ्री-फ्लो सायलेन्सर, मोठा फिल्टर, हेड पोर्टिंग, कुठल्यातरी ट्यूनरकडून ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं काम. गाडी गल्लीत शिरली की कुत्री पळायची, एवढं खरं. मी तेव्हाच म्हटलं होतं की मातीच्या मैदानावर, कोनांमधून दोन मिनिटं चालवायच्या शर्यतीत वाढलेले आठ-दहा बीएचपी कुठे लागणार आहेत? पुढच्या चाकांवर चालणारी गाडी, दोन चाकांत ताकद वाटणारा डिफरन्शियल साधाच. वळणात आतलं चाक हलकं होतं आणि नुसतं फिरतं. जास्त ताकद म्हणजे जास्त फिरणं. तो म्हणाला, तुला काय कळतं.

मी पैसा पाइपात घातला. रोलकेज, म्हणजे गाडी उलटली तरी छत दबू नये म्हणून आत बांधलेला पाइपांचा सांगाडा. यावर आमचं सगळ्यात मोठं भांडण, आणि तुम्हाला खरं उत्तर इथेच आहे.

पाइप सीमलेसच पाहिजे, म्हणजे बिनशिवणीचा, थंड ओढून बनवलेला (कोल्ड ड्रॉन). ज्याला लांबीत शिवण असते तो इआरडब्ल्यू पाइप दिसायला सारखाच आणि निम्म्या भावात मिळतो, पण चालत नाही. बोअरचा जीआय पाइप तर नाहीच नाही, कोणी कितीही शपथेवर सांगो. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमात डोक्यामागच्या मुख्य कमानीला किमान 45 मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि 2.5 मिलिमीटर जाडी, किंवा 50 ला 2 मिलिमीटर. बाकीच्या पाइपांना 38 ला 2.5 किंवा 40 ला 2. वाकवायचा तो थंडच. वाळू भरून भट्टीत लाल करून वाकवला की बाद. जिथे पाय पत्र्यावर टेकतात तिथे खाली किमान 3 मिलिमीटरची प्लेट, 120 चौरस सेंटिमीटरच्या कमी नाही, नाहीतर गाडी उलटली की पाइप पत्रा फोडून खाली जातो आणि छत तुमच्या डोक्यावर येतं.

पाइप वाकवून घेतला भुसावळला, हायड्रोलिक बेंडरवर. जोडायला नेला पारोळ्याला आप्पांकडे. आप्पा मिस्त्री आयुष्यभर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधत आले. रेसकार त्यांनी पाहिलेली नव्हती, पण उसाने भरलेली ट्रॉली उलटली की कुठला जोड आधी सुटतो हे त्यांना बघून सांगता येतं. मी नियमांचे कागद मराठीत समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतलं, चहा सांगितला आणि गाडीत शिरून छताखाली हात घालून बघितलं.

अडचण काय होती ते नीट सांगतो, कारण नव्वद टक्के स्वस्त केज इथेच फसवतात. केज छताला जितका चिकटून तितका चांगला, डोक्याला जागा राहते. पण मग छताजवळच्या जोडांना वरच्या बाजूने वेल्डिंग करता येत नाही. पाइप आणि पत्रा यांच्यात दोन बोटं जागा. वेल्डिंगची टॉर्च जात नाही, काच लावून डोकं जात नाही. म्हणून लोक खालून आणि बाजूने टाके मारतात, वरचा चतकोर कोरडा सोडतात आणि काळा रंग फासतात. गाडी उलटली की भार नेमका त्याच जोडावर येतो.

आप्पा बाहेर आले आणि म्हणाले, "वर हात नही जात ना? मंग केज खाले उतारूत."

एवढंच. मुख्य कमानीचे आणि पुढचे पाय जिथे टेकणार तिथे त्यांनी तळाच्या पत्र्याला चौकोनी भोकं पाडली. सगळा केज त्या भोकांतून वीतभर खाली सोडला. आता छत आणि पाइप यांच्यात ऐसपैस जागा. वरचे सगळे जोड गोल फिरून पूर्ण वेल्ड केले, स्लॅग झाडली, एकेक जोड बोट फिरवून बघितला. मग जॅक लावून केज वर उचलला, भोकांवर जाड प्लेटा सरकवल्या, त्या चारही बाजूंनी पत्र्याला जोडल्या आणि पाय त्यांच्यावर बसवले. पुढे मला कळलं की जगभरचे चांगले केज बांधणारे हेच करतात. आप्पांना कोणी शिकवलेलं नव्हतं. मजुरी त्यांनी ट्रॉलीच्या दराने घेतली, वजनावर.

त्याच सुमारास आतेभावाने पुण्यात एका नावाजलेल्या वर्कशॉपमधून केज करून घेतला होता. पावडर कोटिंग, लाल रंग, वर स्टिकर. फोटो एक नंबर.

नाशिककडे ऑटोक्रॉस होती. स्क्रुटिनीला, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीला, दोन्ही गाड्या शेजारी उभ्या. स्क्रुटिनिअर वयस्कर गृहस्थ, खिशात दांडीला लावलेला छोटा आरसा, दात बघायला डॉक्टरकडे असतो तसला. त्यांनी आरसा माझ्या छताखाली सरकवला, टॉर्च मारली, डावा-उजवा जोड बघितला आणि पुढे हार्नेसकडे, म्हणजे शर्यतीच्या सीटपट्ट्यांकडे वळले. एक शब्द नाही. सिटीत आरसा घातला आणि तिथेच थांबले. मला बोलावलं नव्हतं तरी मी जाऊन बघितलं. आरशात लाल रंगाखाली पाइपाला पाइप नुसता टेकलेला स्पष्ट दिसत होता, वरचा भाग कोराच. गाडी उतरू दिली नाही. आतेभाऊ तासभर भांडला. वर्कशॉपला फोन लावला, तिकडून सांगितलं की "असंच करतात सगळे."

मी उतरलो. माझ्या क्लासमध्ये मी पहिला आलो नाही, दुसराही नाही. पण गाडी दिवसभर पळाली आणि संध्याकाळी ट्रेलरवर आपल्या चाकांनी चढली. आतेभाऊ आजही म्हणतो की ते राजकारण होतं. ज्या जोडाला वेल्डिंग नाही त्यात कसलं राजकारण? आणि ट्रॉल्या बनवणाऱ्यानेच माझा केज बांधला, हेच तर मी सांगतोय. हा मुद्दा त्याने पंगतीत कधी काढला नाही.

अमेरिकेत 2006 पासून "24 अवर्स ऑफ लेमन्स" नावाच्या शर्यती होतात. मूळ नियम असा की गाडी 500 डॉलरच्या आतली पाहिजे. पण केज, सीट, पट्टे, ब्रेक, टायर यांचा खर्च त्या 500 मध्ये धरतच नाहीत. म्हणजे ज्यांनी स्वस्त रेसिंगचा खेळ मांडला त्यांनीही ठरवून टाकलंय की कंजुसी इंजिनात करा, जिवाशी नको. हे मी आतेभावाला पाठवलं होतं. निळे टिक आले, उत्तर नाही.

बाकीचं भराभर. टायर नवे घ्या, फार महागडे नकोत. बाजूवर छापलेले शेवटचे चार आकडे वाचा, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. जुना रबर कितीही नक्षीदार असला तरी धरत नाही. मोठ्या अलॉयचा मोह नको, मूळ मापाचं चाक हलकं असतं. ब्रेक ऑइल पूर्ण बदला, डॉट 4 टाका. ताजं डॉट 3 हे 205 अंशाला उकळतं आणि डॉट 4 हे 230 ला, पण दोन्ही हवेतलं पाणी पितात, म्हणून जुनं ठेवायचंच नाही. पुढच्या शॉकअपच्या वरच्या बोल्टचं भोक थोडं लांबट करून चाकं वरून आत झुकवा, दोन अंशांपर्यंत, गाडी वळायला लागते. स्प्रिंग कापू नका. कूलिंगवर मात्र खर्च करा: रेडिएटर उघडून साफ, नवे होज, पंखा चोख. या इंजिनचा ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचं आहे, एकदा तापून हेड वाकलं की संपलं. "उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाका" सांगणारे गॅरेजवाले प्रत्येक चौफुलीवर आहेत. ऐकू नका.

पन्नास-साठ हजारांत गाडी येईल आणि साफ होईल. रेसकार व्हायला त्याच्या दुप्पट धरा, वर ट्रेलर भाड्याने.

हो, ट्रेलर लागेलच. हे आधी लिहायला हवं होतं. केज घातलेली, सीट काढलेली गाडी रस्त्यावर चालवायची नाही. मूळ बांधणीत बदल केलेली गाडी चालत नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्येच स्पष्ट केलंय, आणि आरटीओला तेवढंच हवं असतं. विमा शर्यतीतलं नुकसान देत नाही, पॉलिसीत लिहिलेलंच असतं. मान्यताप्राप्त शर्यतीला एफएमएससीआय या देशाच्या मोटरस्पोर्ट संघटनेचं लायसन्स लागतं. काही ठिकाणी नवख्यांच्या क्लासला केज सक्तीचा नसतो, तेव्हा आधी नियमपत्रिका वाचा. कदाचित पहिलं वर्ष तुम्ही नुसतं हेल्मेट आणि चांगल्या टायरवर काढू शकाल. आणि रात्री बायपासवर सराव करणार असाल तर हे सगळं उत्तर तुमच्यासाठी नव्हतं असं समजा.

राहिलं पुण्याचं. बकेट सीट आणि हार्नेस मला आपल्याकडे कुठे मिळाले नाहीत, ते पुण्या-मुंबईहूनच आणले. तेवढं मान्य. हार्नेसच्या लेबलवर मुदत संपण्याचं वर्ष छापलेलं असतं, ते बघून घ्या. मुदत उलटलेला कोणी निम्म्या किमतीत देत असेल तर भाऊ असला तरी घेऊ नका. माझ्या आतेभावाकडे तसा एक लाल रंगाचा पडून आहे, तो गिऱ्हाईक शोधतोय.