विरोधी मतही वहीत उतरले पाहिजे

प्रिय मुली,

शालोम.

तुझ्या वडिलांच्या वर्षदिनी आपल्या सिनेगॉगमध्ये खाली नऊ पुरुष होते आणि वर सज्जात तुझ्यासह त्याहून जास्त बायका होत्या. दहावा पुरुष येईना म्हणून प्रार्थना चालवणाऱ्या हजानसाहेबांनी पाऊण तास वाट पाहिली, शेजारच्या गल्लीत फोन गेले, आणि शेवटी मिन्यानशिवाय, म्हणजे दहा पुरुषांच्या गणपूर्तीशिवाय, प्रार्थना उरकावी लागली. मृतासाठी म्हणायचा कद्दीश झालाच नाही. खाली बसलेल्या निम्म्या पुरुषांपेक्षा तुला हिब्रू चांगले वाचता येते, तरी मोजणीत तू नव्हतीस. आता तू विचारतेस की सुधारणावादी ज्यूंच्या ज्युईश रिलिजस युनियनकडे जावे, इस्रायलला जाण्याचे कागद करावेत, की गप्प बसावे. पहिल्या दोन वाटांबद्दल माझी तक्रार नाही, तिसरीबद्दल मात्र आहे.

स्त्रियांना मिन्यानमध्ये मोजावे असे माझे मत आहे. ते मी सभेत मांडले आहे आणि ते इतिवृत्तात आहे. पण त्याहून मोठा आग्रह हा की प्रश्न सर्वसाधारण सभेत ठरावाच्या रूपात यावा, त्यावर मोकळेपणी वाद व्हावा, आणि निकाल काहीही लागो, हरलेल्या बाजूचे म्हणणे कारणांसह वहीत उतरावे. मुकादमांच्या, म्हणजे मंडळीच्या प्रमुखांच्या, कानात सांगून किंवा जेवणाच्या पंगतीत कुजबुजून बदल घडवू नकोस. तसा घडलेला बदल पुढचा मुकादम तितक्याच गुपचूप मोडतो.

हे मी पदरचे सांगत नाही. ज्यू धर्मनियमांचा जुना संग्रह असलेल्या मिश्नाच्या एदुयोत भागात पहिल्याच अध्यायात विचारले आहे की बहुमताने निर्णय झाल्यावर एकट्याचे मत का नोंदवायचे. उत्तर असे की पुढच्या एखाद्या न्यायमंडळाला ते पटले, तर त्याला त्याचा आधार घेता यावा. हिलेल आणि शम्माय या दोन प्राचीन गुरूंच्या परंपरांत बहुतेक निर्णय हिलेलच्या बाजूने का लागला, याचे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथाने, तालमुदने, दिलेले कारण तर मला फार मोलाचे वाटते: हिलेलची माणसे नम्र होती आणि आपले म्हणणे सांगण्याआधी शम्मायचे म्हणणे शिकवीत. अमेरिकेतल्या ज्यूंच्या कॉन्झर्वेटिव्ह पंथाच्या समितीने 1973 साली स्त्रियांना मिन्यानमध्ये मोजण्यास मान्यता दिली, तेव्हा तीही मतदानानेच दिली.

आपल्याकडे हे नवे आहे, असे कुणी म्हटले तर ऐकून घेऊ नकोस. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन आलेल्या डॉ. जेरुशा झिराड यांनी 1925 साली मुंबईत ज्युईश रिलिजस युनियन काढली, ती उघडपणे. 1962 साली इस्रायलमध्ये आपल्या बेने इस्राएलांच्या, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, लग्नांआधी पूर्वजांची चौकशी करण्याच्या सूचना निघाल्या, तेव्हा आपली माणसे जेरुसलेममध्ये रस्त्यावर बसली, आणि 1964 साली इस्रायलच्या संसदेला, क्नेसेटला, त्यांच्या बाजूने ठराव करावा लागला. त्यांनी अपमान गिळला असता, तर आज त्यांचे म्हणणे कुठे सापडले असते?

याउलट आपल्याच समाजातला गोरे इस्राएल आणि मिश्र विवाहांतून आलेले मानले गेलेले काळे इस्राएल हा भेद बघ. एकेकाळी रोटीबेटीचा व्यवहार नाही इतका तो कडक होता. तो गळून पडला ही चांगलीच गोष्ट झाली, पण आमच्या मंडळीच्या जुन्या वह्यांत त्याबद्दल एक ओळ नाही. कापडी बांधणीच्या त्या वह्या मी पानन्‌पान चाळल्या आहेत. छपराची डागडुजी, दिव्यांचे तेल, मलिद्याच्या विधीसाठी पोह्यांचा आणि नारळांचा खर्च, सगळे पैशापैशाने लिहिलेले. कोण अन्यायाविरुद्ध उठले आणि कोण आडवे आले, ते मात्र नाही. त्यांतली किती घरे पुढे इस्रायलला गेली, आणि आपले म्हणणे बरोबर घेऊन गेली. याची हळहळ मला अजून वाटते.

मंडळीतले काहीजण तुला सांगतील की माझ्या या हट्टापायी सभा लांबतात आणि माणसे दुखावतात. सभा लांबल्या हे खरे आहे. पण ज्यांचे म्हणणे शब्दशः लिहून घेतले, त्यांतले कुणी मंडळी सोडून गेले नाही. जे गेले ते न ऐकले गेल्यामुळे गेले. भारतात आपण उरलो आहोत थोडे हजार. इतक्या थोड्या माणसांत हरलेल्यालाही बसायला जागा हवी, आणि ती वहीतच असते.

म्हणून "आत्ता वेळ योग्य नाही" हे वाक्य मला पुन्हा लिहू नकोस. तुझ्या विरोधात बोलणाऱ्या त्या वृद्ध गृहस्थांकडे सभेआधी स्वतः जा, त्यांचे आक्षेप विचार आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घे. सज्जातल्या बायकांपैकी कुणाला हे नको असेल, तर तिचेही लिहून घे. तशा आहेत, आणि त्यांना अडाणी समजू नकोस. ठराव मराठीत, दोन प्रतींत कर. सूचक तू हो, अनुमोदक म्हणून माझे नाव घाल. एक प्रत चिटणीसांना दे आणि दुसरीवर पोच घे. विषयपत्रिका निघण्याआधी हे व्हायला हवे, तेव्हा या रविवारी सकाळी कागद घेऊन घरी ये.

तुझा,
काका