कालवडी अंग का धरत नाहीत?

प्रश्न : डॉक्टर, माझ्याकडे पाच ते आठ महिन्यांच्या चार कालवडी आहेत. थंडीत चांगल्या भरल्या होत्या. ऊन तापायला लागल्यापासून अंगच धरत नाहीत. जंताचं औषध झालं, आंबोण तेवढंच आहे, तरी गव्हाणीत चारा उरतो. गोठ्यावर पत्रा आहे. हा उन्हाचाच परिणाम का? टॉनिक सुरू करू का? आणि मागे पडलेली वाढ भरून निघते का?

उत्तर : टॉनिक तूर्त राहू द्या. मला खटकला तो तुमचा पत्रा.

पण आधी खात्री करून घ्या. दुपारी चारच्या सुमाराला कालवडींपासून जरा लांब बसा आणि कुशीची वरखाली पूर्ण मिनिटभर मोजा. जवळ जाऊन धराल तर घाबरून श्वास वाढतो, मोजणी फुकट जाते. सावलीत निवांत असताना मिनिटाला तीस-चाळीस श्वास ठीक. साठच्या वर गेले की जनावर उष्णतेशी झगडतंय. मग थर्मामीटर लावा. ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सिअस हे नेहमीचं. पहाटे पुन्हा बघा. चारही दुपारी चढतात आणि पहाटे उतरतात, तर ऊनच. एकटीच पहाटेही तापलेली असेल, तर तो ताप समजा आणि तुमच्या पशुवैद्याला बोलवा.

उन्हात वाढ दोन्हीकडून मार खाते. चारा पचताना पोटात उष्णता तयार होते, विशेषतः वाळलेल्या, रेशाळ चाऱ्याने. ती वाढू नये म्हणून जनावर आपणहून कमी खातं. त्यात धापा टाकायलाही ताकद लागते, म्हणजे खाल्लेल्यातलंही अंगी कमी लागतं. रक्त कातडीकडे धावतं आणि आतड्याच्या वाट्याला कमी येतं. अशा वेळी बाटलीतलं औषध काय करणार?

पत्रा दिवसभर तापून खालच्या जनावरावर उष्णता फेकत राहतो. त्यावर पाचटाचा किंवा गवताचा जाड थर टाका, वरून पांढरा रंग दिलात तरी फरक पडेल. भिंती बंद असतील तर उघडा. सर्वांत महत्त्वाची रात्र. दिवसभर साठलेली उष्णता जनावर रात्री बाहेर टाकतं, म्हणून अंधार पडला की कालवडी मोकळ्या हवेत बांधा. बरेच जण दुपारची काळजी घेतात आणि रात्री दार लावून टाकतात!

चाऱ्याची वेळ बदला. खाल्ल्यावर काही तासांनी पोटातली उष्णता शिगेला पोचते, त्यामुळे सकाळी दहाचं खाणं नेमकं भर दुपारी त्रास देतं. मोठा वाटा सूर्यास्तानंतर, उरलेला भल्या पहाटे. पाणी चोवीस तास समोर, भांडं सावलीत. दूध पिणाऱ्या वासरांनाही वेगळं पाणी ठेवा. दूध थेट चौथ्या पोटात जातं, पहिलं पोट तयार व्हायला साधं पाणीच लागतं.

फवारे लावायची घाई करू नका. हवा दमट आणि वारा नसेल तर फवाऱ्याने गोठा नुसता कोंदट होतो. अंग भिजवायचं तर पंखा हवाच, आणि खालची जागा कोरडी राहिली पाहिजे.

वाढ भरून निघण्याचं म्हणाल, तर या वयात बरीचशी निघते, पुढच्या गारव्यात पोटभर सकस चारा मिळाला तर. ऊन लांबलं तर मात्र माज उशिरा येतो, कारण माजावर येणं वयापेक्षा वजनावर जास्त अवलंबून असतं. दर महिन्याला टेपने छातीचा घेर मोजून लिहून ठेवा. डोळ्यांवर विसंबू नका, रोज पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. गोठ्यात आटवलेली गाभण गाय असेल तर सर्वांत थंड कोपरा तिला द्या. शेवटचे दोन महिने उन्हात काढलेल्या गायीचं वासरू हलकं जन्मतं, चिकातली प्रतिकारशक्तीही त्याच्या अंगात कमी उतरते. अशा कालवडी पुढे दुधालाही कमी पडल्याचं संशोधनात दिसलं आहे.