दहा लाख एकदम नकोत, व्याज द्या

वाचक विचारतात: "वय ६४, सोलापूर जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त. पेन्शन ४४ हजार, ठेवी ३८ लाख, घर स्वतःचं. मुलगा पुण्यात. विडी वळणाऱ्या बायकांच्या मुलांची तब्येत आणि शाळेतली गळती यांवर पाच वर्षांचा अभ्यास करू पाहणारा एक ट्रस्ट १० लाख मागतोय. करात मोठी सूट मिळेल म्हणतात. देऊ का?"

बाई, द्या. पण १० लाख एकदम देऊ नका, आणि करासाठी तर मुळीच नको.

आधी कर उरकू. पेन्शन आणि व्याज मिळून तुमचं उत्पन्न साधारण ८ लाख. नव्या करप्रणालीत एवढ्यावर कर शून्यच येतो, मग सूट कशातून घेणार? देणगीवरची (८०-जीची) वजावट तिथे मिळतही नाही. जुनी प्रणाली धरली तरी अशा बहुतेक ट्रस्टच्या देणगीत उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतचीच रक्कम मोजतात, तिचीही निम्मी. म्हणजे १० लाख देऊन वजावट जेमतेम ४० हजार. मागायला आलेल्याला दोष देत नाही. त्याच्या हातात माहितीपत्रक असतं, तुमचा फॉर्म १६ नव्हे.

'अभ्यास कसले करता, त्यापेक्षा वह्या वाटा' म्हणणारे मला नेहमी भेटतात. त्यांना मी गडचिरोली सांगतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि दुसऱ्या ४७ गावांशी आकडे ताडून पाहिले. तुलनेत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी भरला. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, पुढे आशाताईंच्या घरभेटी त्याच वाटेने देशभर गेल्या. त्या ४७ गावांत काहीच 'वाटलं' नव्हतं, नुसतं मोजलं होतं. पण ते मोजलं नसतं तर बाकीचं कुणी मानलं नसतं.

देणगीदाराला नेमकी ही मोजणीच आवडत नाही. देणगीदाराच्या नावाची पाटी खोलीवर लागते, वजनकाट्यावर नाही. सोलापूरच्या पूर्व भागात, विडी कामगारांच्या तेलुगूभाषक वस्तीत, एकदा एका आरोग्यसेविकेबरोबर फिरलो होतो. आई सुपात तेंदूपानं घेऊन बसलेली, बाळ कापडी झोळीत काट्याला टांगलेलं, हातपाय झाडतंय, आणि सेविका काटा थांबायची वाट बघत उभी. रडं थांबेना म्हणून पुन्हा एकदा. पाच वर्षांचा अभ्यास म्हणजे तीच बाळं पुन्हा पुन्हा, आणि घर बदललं की पत्ता शोधत जाणं. पैसा लागतो तो पगाराला, पेट्रोलला, दुसऱ्या फेरीला. सगळी रक्कम पहिल्याच वर्षी आली की ती संगणकात आणि कार्यशाळेच्या जेवणात जिरते. तिसऱ्या वर्षी मोजणारी बाई काम सोडून जाते.

म्हणून असं करा. ते १० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घाला. ८.२ टक्के दर धरला तर तिमाहीला २०,५०० रुपये येतात, पाच वर्षं. ते व्याज ट्रस्टला द्या, फक्त क्षेत्रीय कार्यकर्तीच्या पगारासाठी, असं पत्रात लिहून. मुद्दल तुमचंच. उद्या अँजिओप्लास्टी निघाली तर मुलाकडे हात पसरायला नको. पाच वर्षांनी काम पटलं तर मृत्युपत्रात त्यांचं नाव घाला, आणि हे मुलाला आधीच सांगा, वकिलाकडून कळू देऊ नका.

पहिला चेक फाडण्याआधी तीन कागद मागा: गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, नैतिकता समितीची मंजुरी आणि पालकांच्या संमतिपत्राचा नमुना. संमतिपत्र मराठीबरोबर तेलुगूतही आहे का बघा. पूर्व भागात काम करणार आणि तेलुगू कागद नाही, तर त्यांनी त्या गल्ल्या अजून पाहिलेल्याच नाहीत.

व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या पहिल्या तारखेला येतं. त्यातले तीन हप्ते त्यांना द्या. जानेवारीचा ठेवा, तेव्हा सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा असतो आणि नातवंडं येतात.