पोस्टिंगच्या आदल्या रात्री

प्रिय मुली,

नर्सिंगची लेक्चर मोबाईलवर, प्रोसिजर यूट्यूबवर, नोट्स ग्रुपवर. मग वॉर्डात पाय भरून येईपर्यंत उभं कशाला राहायचं, असं तू विचारलंस. वर हेही लिहिलंस, की वॉर्डात तर कुणी शिकवतच नाही. हे दुसरं बहुतेक खरं आहे. सकाळच्या पाळीत, राउंडच्या गडबडीत, तुला कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालायच्या पायऱ्या समजावत बसायला सिस्टरकडे वेळ नसतो. म्हणूनच पायऱ्या घरी शिकून ये. वॉर्डातले तास मोबाईलवर न मिळणाऱ्या गोष्टींसाठी ठेव.

व्हिडिओ बघायचीही रीत असते. पहिल्यांदा सलग बघ. दुसऱ्यांदा थांबवत थांबवत ट्रेमध्ये काय काय लागलं ते वहीत लिही. तिसऱ्यांदा आवाज बंद कर आणि पायऱ्या तू बोल. मराठी माध्यमातून आल्यामुळे इंग्रजी लेक्चर डोक्यावरून जातं म्हणतेस, तर वेग ०.७५ कर आणि खालची अक्षरं (सबटायटल्स) सुरू ठेव. सरकारच्या ‘स्वयम्’ पोर्टलवरचे कोर्स २०१७ पासून आहेत. शिकायला पैसे पडत नाहीत, फी लागते ती सर्टिफिकेटच्या परीक्षेला.

आता सलाईनचं. थेंब मोजायचं ॲप तुझ्या फोनमध्ये असेलच. ५०० मिलीलिटर आठ तासांत द्यायचं असेल आणि सेट, म्हणजे सलाईनची नळी, २० थेंबांना एक मिलीलिटर देणारा असेल, तर मिनिटाला साधारण २१ थेंब येतात. ॲप हेच सांगेल. पण त्यात चुकून मायक्रोड्रिपचे, म्हणजे बारीक थेंबांच्या सेटचे, ६० थेंब निवडले गेले, तर तेच ॲप तितक्याच ठामपणे ६२-६३ सांगेल. साध्या सेटवर तू तेवढे थेंब सोडलेस, तर आठ तासांची बाटली दोन तास चाळीस मिनिटांत रिकामी होईल. पेशंट तरुण, धडधाकट असेल तर कदाचित निभावेल. हृदयाचा किंवा किडनीचा असेल तर फुप्फुसात पाणी साठून धाप लागेल. सेटचा आकडा पाकिटावर छापलेला असतो आणि ते पाकीट ॲपला दिसत नाही. म्हणून आधी पाकीट वाच, मग कागदावर गणित कर, आणि ॲप शेवटी पडताळ्यापुरतं उघड. परीक्षेलाही फोन नसतोच म्हणा.

बीपीचंही थोडंफार असंच. डिजिटल मशीन चांगलं आहे, पण नाडी अनियमित असली की त्याच्या आकड्यावर विसंबू नकोस. दंडाला गुंडाळायचा पट्टा (कफ) लहान पडला तर बीपी जास्त दाखवतं. स्टेथोस्कोपमधला पहिला ठोका ओळखायला कान तयार व्हावा लागतो, आणि ते हेडफोनवर रेकॉर्डिंग ऐकून होत नाही.

२०२१-२२ पासून बी.एस्सी. नर्सिंगला सेमिस्टर आले, सिम्युलेशनचे, म्हणजे पुतळ्यावर सराव करायचे, तासही आले. ते बुडवू नकोस. सीपीआरला, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाला वाचवताना, छाती ५ ते ६ सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, हे वाचून कळतं. पण दोन मिनिटांत दंड भरून येतात आणि दाब उथळ होत जातो, हे पुतळ्यावर हात ठेवल्याशिवाय कळत नाही. दर दोन मिनिटांनी माणूस का बदलायचा, हे तिथे समजतं.

केअर प्लॅनबद्दल, म्हणजे पेशंटच्या शुश्रूषेच्या आराखड्याबद्दल, मात्र मला तुझ्याशी भांडायचंय. हल्ली मुली तो चॅटबॉटकडून लिहून घेतात. भाषा गुळगुळीत असते, आणि दहा पेशंटचे दहा प्लॅन एकसारखे. समज, आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातली विडी वळणारी बाई, बीपीची पेशंट. प्लॅनमध्ये येतं: मीठ कमी करा, प्रक्रिया केलेले पदार्थ टाळा, विश्रांती घ्या, नियमित चालायला जा. आता तिच्याजवळ बस. पाकिटातलं तिच्या घरी फारसं येतच नाही. मीठ येतं ते शेंगाचटणीतून, लोणच्यातून. दोन्ही वेळची भाकरी त्यावरच निघते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या छोट्या चमचाभराहून कमी मीठ सांगते. ते तिला तिच्याच चटणीच्या वाटीवरून दाखव. विश्रांतीचं म्हणशील तर तिची मजुरी हजार विड्यांवर ठरते. मांडीवरचं सूप उतरलं की कमाई थांबली. गोळी संपली तरी ती फॉलोअपला का येत नाही, ते इथे उमगतं. म्हणून महिन्याची गोळी कुठून, कोणत्या दिवशी आणायची, हे तिच्या कामाच्या वेळा विचारून प्लॅनमध्ये लिही. ती तेलुगूत बोलली, किंवा अक्कलकोटकडची पेशंट कन्नडमध्ये, तर भाषांतराचं ॲप खुशाल वापर. पण उत्तर ऐकताना बघ तिच्या तोंडाकडे, स्क्रीनकडे नको.

फोटोबद्दल एकच सांगते. पेशंटची जखम, केस पेपर, एक्स-रे, काहीही ग्रुपवर टाकायचं नाही. चेहरा झाकला तरी नाही.

तुझ्या मामेबहिणीला ‘घरबसल्या ऑनलाईन नर्सिंग’ची जाहिरात आली म्हणतेस. तिला सांग, नुसतं ऑनलाईन शिकून कुणी रजिस्टर्ड नर्स होत नाही. पैसे भरण्याआधी कॉलेजचं नाव भारतीय परिचर्या परिषदेच्या आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का, ते बघायला लाव.

सोमवारपासून तुझी मेडिसिन वॉर्डची पोस्टिंग आहे ना? रविवारी रात्री नेब्युलायझेशन (औषधाची वाफ देणं), ऑक्सिजन आणि इन्सुलिन, एवढे तीनच व्हिडिओ बघ. आणि पहिल्या पेशंटचा प्लॅन मला पाठव, मराठीत लिहिलास तरी चालेल. मी लाल पेन घेऊन बसते.

तुझी,
सिस्टर मावशी
सोलापूर