‘नको’ म्हणणाऱ्या माणसापाशी रोज जाताना

रस्त्यावर राहणाऱ्या माणसांसोबत काम करणारे कार्यकर्ते माझ्याकडे येतात तेव्हा तक्रार बहुतेक वेळा झोपेची असते, नाहीतर चिडचिडीची. थोडं बोलणं झालं की खरा प्रश्न वर येतो आणि तो जवळजवळ सगळ्यांचा सारखाच असतो: “मी रोज जाते, विचारते, ते नको म्हणतात. मग माझा उपयोग काय?” या प्रश्नाबद्दल मला जे वाटतं ते एका कार्यकर्तीच्या अनुभवाच्या आधाराने सांगते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती तिशीच्या आतली, एका संस्थेच्या आउटरीच टीममध्ये काम करणारी. लोक ऑफिसात येण्याची वाट न बघता ते जिथे झोपतात तिथे जायचं, ओळख करायची आणि निवारा, दवाखाना, ओळखपत्र, पेन्शन, व्यसनमुक्ती यांपैकी जे हवं असेल तिथपर्यंत त्यांना पोचवायचं, असं तिचं काम. कामात ती चांगलीच होती. पण तिच्या भागात पुलाखाली राहणारे एक म्हातारे बाबा होते. त्यांच्या पायाला जखम होती, रात्री खोकला उसळायचा आणि निवाऱ्याचं नाव काढलं की ते तोंड फिरवायचे. थंडी वाढायला लागली तशी हिची झोप उडाली. मध्यरात्री जाग यायची आणि बाबा डोळ्यांसमोर यायचे. सुट्टीच्या दिवशीही ती तिकडे एक चक्कर टाकून यायची. स्वतःच्या पगारातून पांघरूण नेऊन दिलं, खासगी नंबर दिला, रात्री फोन उशाशी ठेवायला लागली. आई काही विचारायला आली की अंगावर जायची आणि नंतर रडायची.

“ताई, माझ्या जागी दुसरं कोणी असतं तर ते बाबा एव्हाना आत गेले असते,” ती म्हणाली.

मी तिला विचारलं, “शेवटचं बोलणं झालं तेव्हा बाबा काय म्हणाले?”

“नको म्हणाले.”

“त्यांचे शब्द सांग. जसेच्या तसे.”

ती बराच वेळ गप्प बसली. तिला आठवेना. त्यांचा चेहरा आठवत होता, परतताना स्वतःच्या पोटात पडलेला खड्डा आठवत होता, ऑफिसात रजिस्टरमध्ये ‘नकार’ असं लिहिलेलंही आठवत होतं. बाबांचे शब्द मात्र आठवत नव्हते.

माझ्या मते या कामातल्या दुःखाचं मूळ बऱ्याचदा इथे सापडतं. समोरच्याचं ‘नको’ आपल्याला आपल्याबद्दलचा निकाल म्हणून ऐकू आलं की आपण तिथेच थांबतो. तो कशाला नको म्हणतोय, हे विचारायचं राहून जातं. नकारात त्या माणसाबद्दलची आणि त्याला देऊ केलेल्या सेवेबद्दलची भरपूर माहिती असते, आणि आपण ती स्वतःला दोष देण्यात घालवतो.

तिला मी एवढंच काम दिलं: पुढच्या भेटींत निवाऱ्याचा आग्रह धरायचा नाही, आधी कधी अशा ठिकाणी राहिला होतात का ते विचारायचं, आणि परत येऊन मला त्यांचेच शब्द सांगायचे. १९८३ साली विल्यम मिलर यांनी दारूचं व्यसन असलेल्या लोकांसोबतच्या कामातून मुलाखतीची एक पद्धत मांडली, पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत ती वाढवली. तिचं मर्म असं की मदत करणाऱ्याला समोरच्याचं चुकतंय ते सरळ करून टाकायची अनावर ओढ असते, आणि तो जितका जोर लावतो तितका समोरचा माणूस न बदलण्याच्या बाजूने बोलत जातो. रस्त्यावर हे रोज दिसतं. “बाबा, चला ना, इथे मराल थंडीने,” असं म्हटलं की बाबांना थंडी कशी सोसते तेच सांगावं लागतं.

आठवड्याभरानंतर ती आली ती वही घेऊनच. बाबा निवाऱ्यात राहून आलेले होते. तिथे दार रात्री ठरलेल्या वेळी बंद व्हायचं, आणि बाबा भंगार वेचतात ते रात्रीच, कारण दिवसा हाकलतात. गोणी आत घेऊ द्यायचे नाहीत. बाहेर ठेवली तर सकाळी नसायची. एकदा उशाखालची पिशवीही गेली, त्यात ओळखपत्र होतं आणि बायकोचा फोटो. शिवाय शेजारी झोपणारा एक गडी आहे, त्याला अधूनमधून फिट येते. “मी आत गेलो तर त्याला बघणार कोण, पोरी?” असं बाबांनी तिला विचारलं होतं.

तिने हे वाचून दाखवलं आणि म्हणाली, “यात माझं नावच नाही.”

नव्हतंच. नकारामागे दाराची वेळ होती, गोणी होती, चोरी होती, मित्र होता. यातल्या प्रत्येक गोष्टीवर काहीतरी करता येतं, निदान कोणाशी बोलायचं हे तरी कळतं. ‘माझ्यात काहीतरी कमी आहे’ या निष्कर्षावर काहीच करता येत नाही.

तिने विचारलेला एक प्रश्न इथे सांगायलाच हवा, कारण तो टीममध्ये सर्रास ऐकू येतो. “आमच्याकडे म्हणतात, काही जणांना रस्ताच आवडतो. खरं आहे का हे?” मला हे वाक्य मनापासून खटकतं. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस यांनी मानसिक आजार असलेल्या, वर्षानुवर्षं रस्त्यावर राहिलेल्या लोकांना आधी व्यसन सोडा, आधी औषधं घ्या अशी अट न घालता थेट स्वतंत्र घर द्यायला सुरुवात केली. उपचार हवे असतील तर सोबत होतेच, पण घर त्यावर अडवून ठेवलेलं नव्हतं. नंतर कॅनडात २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत दोन हजारांहून जास्त लोकांना घेऊन या पद्धतीची मोठी चाचणी झाली. शेवटच्या सहा महिन्यांत, घर मिळालेल्या गटातले ६२ टक्के लोक सगळा काळ घरात राहिले होते. नेहमीच्या सेवा मिळणाऱ्या गटात हे प्रमाण ३१ टक्के होतं. हे तेच लोक, ज्यांच्याबद्दल ‘ते आत यायला तयार नसतात’ असं म्हटलं जायचं. त्यांनी नाकारला होता तो दिवे बंद व्हायच्या वेळेवर चालणारा, अनोळखी लोकांनी भरलेला हॉल. कुलूप आपल्या हातात असलेली खोली त्यांच्यासमोर कधी ठेवलीच गेली नव्हती.

आणखी एक गोष्ट कार्यकर्त्यांना माहीत असलेली बरी. विकसित देशांतल्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा बेघर लोकांपैकी सुमारे निम्म्यांच्या मेंदूला आयुष्यात कधी ना कधी मार लागलेला आढळला. ठरलेली भेट विसरणं, तेच तेच विचारणं, एकदम भडकणं, फॉर्म अर्ध्यात टाकून निघून जाणं, याला आपण ‘सहकार्य करत नाही’ असं लिहून मोकळे होतो. कधी ते विस्मरण असतं, कधी कित्येक रात्री तुकड्यातुकड्यात मिळालेल्या झोपेचा परिणाम असतो, कधी पूर्वी एखाद्या संस्थेत मनाविरुद्ध डांबल्याची भीती असते. ज्याला कधी जबरदस्तीने गाडीत घातलं गेलंय, त्याला ओळखपत्र गळ्यात घालून येणारी प्रत्येक व्यक्ती आधी त्या गाडीची आठवण करून देते. तिथे विश्वास बसायला वेळ लागणं हे शहाणपणाचंच लक्षण आहे.

हे सगळं समजल्यावर तिची झोप परत आली का? थोडी आली, पूर्ण नाही. कारण तिच्या छातीवर दुसरंही एक ओझं होतं आणि ते तिने फार उशिरा काढलं. त्याच थंडीत एक बाई दोन मुलांना घेऊन तिच्याकडे आली होती. निवारा द्या म्हणत होती. जागा नव्हती. हिने ओळखीच्या सगळ्या ठिकाणी फोन लावले, कुठेच नव्हती. “जे हो म्हणतात त्यांच्यासाठी जागा नाही आणि ज्यांच्यासाठी जागा आहे ते नको म्हणतात. मी मध्ये उभी राहून काय करू, ताई?”

याला थकवा म्हणणं मला पटत नाही. १९८४ मध्ये अँड्र्यू जेमटन यांनी परिचारिकांच्या कामाबद्दल लिहिताना या अवस्थेचं नेमकं वर्णन केलं: काय करायला हवं हे माणसाला स्वच्छ कळत असतं, पण व्यवस्थेच्या मर्यादांमुळे ते करणं जवळजवळ अशक्य होतं. या नैतिक क्लेशावर चार दिवसांची सुट्टी आणि दीर्घ श्वसन पुरत नाही. सुट्टीवरून परतल्यावरही खाटा तेवढ्याच असतात. दुखतं आहे कारण तिची न्यायबुद्धी शाबूत आहे, आणि ती बोथट करून तिला बरं वाटायला लावणं हे माझं काम नाही, असं मी मानते.

मग केलं काय? आम्ही तिच्या एका आठवड्यातल्या प्रत्येक त्रासाबद्दल एकच प्रश्न विचारत गेलो: हे कोणाच्या हातात आहे? भेटीची वेळ पाळणं तिच्या हातात. बाबांचा निर्णय बाबांच्या हातात. दार बंद व्हायची वेळ निवाऱ्याच्या व्यवस्थापनाच्या हातात. मुलं असलेल्या बाईसाठी खोली नसणं तर ज्यांच्याकडे बजेट आणि जागा आहेत त्यांच्या हातात. तिने तोवर हे सगळं स्वतःच्या रकान्यात धरलं होतं. वाटणी केली म्हणजे हात झटकले असं होत नाही. उलट, आता ती सुपरवायझरकडे रडवेली होऊन न जाता नोंदी घेऊन गेली: कोणी किती वेळा जागा मागितली, कोणत्या नियमामुळे माणूस परत फिरला. ‘नकार’ या एका शब्दाच्या जागी टीमने कारण लिहायला सुरुवात केली. तिच्यापुरतं सांगायचं तर, दुखण्याला जायला एक वाट मिळाली.

खासगी नंबरावरून आमचा बराच खल झाला. तिला वाटायचं, नंबर परत घेणं म्हणजे बाबांना सोडून देणं. मी तिला विचारलं, “तू आजारी पडलीस, लग्न करून दुसरीकडे गेलीस किंवा नोकरी बदललीस तर बाबांकडे काय उरेल?” काहीच उरणार नव्हतं, कारण टीममधलं दुसरं कोणी त्यांना ओळखतच नव्हतं. अशा माणसांना आयुष्यात आधीच बरेच जण न सांगता सोडून गेलेले असतात. ती जागी राहण्यापेक्षा, ती सांगेल त्या दिवशी नक्की येणार, याचा त्यांना जास्त आधार होता. मग तिने वार ठरवले, बाबांना सांगितले आणि पाळले. टीमचा नंबर दिला. एका सहकाऱ्याला सोबत नेऊन ओळख करून दिली. पहिल्या रात्री फोन बाहेरच्या खोलीत ठेवून झोपताना तिला प्रचंड अपराधी वाटलं, आणि तसं वाटणार हे आम्ही आधीच बोलून ठेवलं होतं.

बाबांचं पुढे काय झालं, हे वाचणाऱ्याला विचारावंसं वाटणारच. निवाऱ्यात ते गेले नाहीत. पण तिने निवाऱ्याचा विषय सोडल्यावर त्यांनी स्वतःच पायाचा विषय काढला. टीमसोबतची नर्स पुलाखाली येऊन जखम धुऊन ड्रेसिंग करायला लागली. फिट येणाऱ्या मित्राला दवाखान्यात न्यायला बाबाच पुढे झाले, कारण तो त्यांच्याशिवाय हलत नव्हता. मग ओळखपत्र काढायचं ठरलं. अर्जावर पत्त्याच्या रकान्यात काय लिहायचं इथे गाडी अडली, संस्थेच्या पत्त्याचं पत्र चालेल का यावर खेटे झाले, आणि ते काम आमचं सत्र संपलं तेव्हाही चालूच होतं. अतिथंडीच्या रात्रींबद्दल टीमने त्यांच्याशी आधीच बोलून ठेवलं: कोणती लक्षणं दिसली तर त्यांचा होकार न घेता रुग्णवाहिका बोलावली जाईल. जीव धोक्यात असेल, माणूस शुद्धीत नसेल किंवा गोंधळलेला असेल तेव्हा नकाराचा मान राखणं म्हणजे दुर्लक्षच होय. थंडीने अंग गार पडत गेलं की माणूस आधी कुडकुडतो, मग कुडकुडणं थांबतं, बोलणं अडखळतं आणि तो बरा आहे असं सांगतो. त्या वेळचं ‘नको’ ऐकायचं नसतं. हे बाबांना पटलं, त्यांनी फक्त गोणी सोबत घेऊ द्या म्हणून सांगितलं.

हे काम करणाऱ्या ज्यांना आज आपला उपयोग काय असं वाटत असेल, त्यांनी एकट्याने उत्तर शोधत बसू नये. ऐकणारा सुपरवायझर मागून घ्यावा. संस्थेने तो देणं ही मेहरबानी नाही, कामाचाच भाग आहे. दोनतीन आठवडे झोप लागत नसेल, रस्त्यावरची दृश्यं घरी डोळ्यांसमोर येत असतील, कोणाचंच काही वाटेनासं झालं असेल, शांत व्हायला दारू लागत असेल, तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी जावं, आणि जाताना विश्वासातल्या कोणाला तरी सोबत घ्यावं.